आकृतिबंधाची फाईल परत येऊ नये म्हणून : माझा अनुभव

आकृतिबंध म्हणजे कार्यालयात कुठल्या प्रकारची किती पदं असावीत याचा मंजूर आराखडा. संचालनालयाच्या आस्थापना शाखेतून पाठवलेला आमचा आकृतिबंधाचा प्रस्ताव पहिल्यांदा परत आला, तेव्हा शेऱ्याचा अर्थ एवढाच होता की नेमकं काय मागितलंय ते कळत नाही. शेरा बरोबर होता. एकाच पत्रात आम्ही तीन मागण्या कोंबल्या होत्या: लिपिकांची काही पदं वरच्या संवर्गात (एकाच प्रकारच्या पदांच्या गटात) न्या, एका तांत्रिक संवर्गाची वेतनश्रेणी वाढवा आणि दोन पदनामं बदला. बाहेरच्याला हे एकच काम वाटतं, पण फाईलच्या दृष्टीने या तीन वेगळ्या वाटा आहेत.

पद उन्नत करणं म्हणजे खालचं पद रद्द करून वरचं पद निर्माण करणं. हा आकृतिबंधाचा विषय. त्याला वित्त विभागाची संमती आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते. वेतनश्रेणी वाढवायची तर पद तेच राहतं, फक्त वेतन मॅट्रिक्समधला, म्हणजे सातव्या आयोगाच्या वेतनाच्या तक्त्यातला, स्तर बदलतो. असे विषय वित्त विभाग सुटे घेत नाही, वेतन समितीकडे किंवा वेतनत्रुटी निवारण समितीकडे ढकलतो. पदनाम बदलात पैशाचा संबंध नसतो, म्हणून तो सोपा समजला जातो. पण सेवाप्रवेश नियमांत जुनंच नाव राहिलं, तर पुढच्या भरतीची जाहिरात तिथे अडते.

आम्ही प्रस्ताव तोडून तीन केले. तांत्रिक संवर्गाचा विषय बाजूला काढला, कारण त्याची वाट लांबची असते. सातव्या वेतन आयोगानंतर राज्याने नेमलेल्या बक्षी वेतन समितीच्या अहवालाच्या खंड २ वर शासन निर्णय निघाला तो १३ फेब्रुवारी २०२३ रोजी. सुधारित स्तर १ जानेवारी २०१६ पासून काल्पनिक, म्हणजे फक्त हिशेबापुरता, आणि प्रत्यक्ष पैसे १ फेब्रुवारी २०२३ पासून. मधल्या सात वर्षांची थकबाकी नाही. त्यानंतरही उरलेल्या त्रुटींसाठी २०२४ मध्ये खुल्लर समिती ही वेतनत्रुटी निवारण समिती नेमावी लागली. अशा समितीपुढे 'काम वाढलंय' हा मुद्दा चालत नाही, कारण वाढलेल्या कामाचं उत्तर जादा पदं हे असतं, जादा श्रेणी नव्हे. चालतो तो तुलनेचा तक्ता: तीच शैक्षणिक अर्हता, तीच भरतीची पद्धत, तशीच कर्तव्यं आणि पदोन्नतीची साखळी असलेलं दुसऱ्या विभागातलं पद, त्याचा पाचव्या, सहाव्या आणि सातव्या आयोगातला स्तर. पाचव्या आयोगात दोन्ही पदं एका रांगेत होती आणि सहाव्यात फाटा फुटला, हे दाखवता आलं तर निम्मी लढाई जिंकली.

आता पहिल्या विषयाकडे, म्हणजे पदं उन्नत करण्याकडे, कारण खरी मेहनत तिथे आहे.

मंजूर पदं किती, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कार्यालयात एका आकड्यात मिळत नाही. शासन निर्णयांची बेरीज एक सांगते, सेवार्थ ही पगारबिलांची संगणक प्रणाली दुसरं आणि अर्थसंकल्पासोबतचं पदांचं विवरणपत्र तिसरं. फरक का पडतो? काही पदं अस्थायी असतात आणि त्यांच्या मुदतवाढीचा एखादा आदेश कधीतरी चुकलेला असतो. काही पदं नव्या जिल्ह्यासाठी वळवलेली असतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा ठाण्याची पदं अशीच विभागली गेली. काही पदं मृत संवर्गात टाकलेली असतात, म्हणजे माणूस निवृत्त झाला की पद आपोआप संपतं, पण सेवार्थमधून ते कुणी काढलेलंच नसतं. त्यामुळे सगळ्यात आधी मूळ पदनिर्मितीपासूनचे सगळे शासन निर्णय एका तक्त्यात उतरवा: क्रमांक, दिनांक, पदनाम, संख्या, स्थायी की अस्थायी, मुख्यालय. जिथे मेळ बसत नाही तिथे कारण लिहा. आकडा जुळवून टाकू नका. वित्त विभागाचा सहायक नेमका त्याच ओळीवर बोट ठेवतो.

दुसरा तक्ता कार्यभाराचा. 'कामाचा प्रचंड ताण आहे' हे वाक्य प्रस्तावात असलं काय, नसलं काय, सारखंच. मिनिटांत बोलावं लागतं. पाच दिवसांच्या आठवड्यात वर्षाचे ३६५ वजा १०४ असे २६१ दिवस उरतात. त्यातून २२ च्या आसपास सार्वजनिक सुट्ट्या, ८ नैमित्तिक रजा आणि ३० अर्जित रजा वजा केल्या की एका माणसाचे साधारण २०० दिवस हाती येतात. रोजचे सलग कामाचे सहा तास धरले तर वर्षाला १,२०० तास, म्हणजे ७२,००० मिनिटं. एका प्रकरणाला आवक नोंदीपासून जावक होईपर्यंत ४० मिनिटं लागतात आणि वर्षाला ५,४०० प्रकरणं येतात, तर २,१६,००० मिनिटं, म्हणजे तीन माणसं. ४० मिनिटं आली कुठून, हा पुढचा प्रश्न ठरलेला. आम्ही दोन आठवडे तीन टेबलांवर नोंद ठेवून ती काढली होती आणि नोंदवहीच्या प्रती जोडल्या. हे एक काम केलं आणि पुढच्या चार पत्रांचा व्याप वाचला.

आमची मागणी होती लिपिक-टंकलेखकाची ९ पदं वरिष्ठ लिपिकाची करण्याची: स्तर एस-६ (१९,९००–६३,२००) वरून एस-८ (२५,५००–८१,१००). खर्च असा मांडला. महागाई भत्ता ५० टक्के, घरभाडे १० टक्के आणि निवृत्तिवेतन योजनेतला शासनाचा १४ टक्के हिस्सा धरून एस-६ च्या सुरुवातीच्या वेतनावर एक पद महिन्याला ३६,०१९ रुपयांना पडतं, एस-८ चं ४६,१५५ रुपयांना. फरक १०,१३६. वर्षाला एका पदामागे १,२१,६३२ आणि ९ पदांचे १०,९४,६८८ रुपये. याच्या बदल्यात लिपिकांची ३ रिक्त पदं समर्पित केली, म्हणजे कायमची सोडून दिली. त्यांचा वर्षाचा खर्च १२,९६,६८४ होतो. म्हणजे शासनावर बोजा नाही, उलट दोन लाखांच्या आसपास बचत.

इथेच एक खोच आहे. समर्पित करायची पदं कुठली निवडावीत? सोयीची म्हणून आम्ही वर्षानुवर्षं रिक्त असलेली दिली होती. वित्त विभागाने विचारलं, ज्या पदांवर इतकी वर्षं पगारच काढला नाही, ती सोडून बचत कसली? मग अलीकडे निवृत्तीने रिकामी झालेली पदं द्यावी लागली. ती आधीच ओळखून ठेवलेली बरी.

गंमत अशी की कागदावरचा फरक मूळ वेतनात ५,६०० रुपयांचा दिसतो, प्रत्यक्षात तितका खर्च सुरुवातीला येतच नाही. एस-६ मध्ये २६,००० मूळ वेतन घेणारा लिपिक पदोन्नत झाला, तर आधी त्याच स्तरात एक वेतनवाढ मिळून २६,८०० होतात आणि एस-८ मधला त्याच्या पुढचा टप्पा २७,१०० चा आहे. म्हणजे वाढ ११०० ची. ज्यांना आश्वासित प्रगती योजनेत (पदोन्नती न मिळालेल्यांना ठरावीक सेवेनंतर वरचं वेतन देणारी योजना) दहा वर्षांनी वरचा स्तर आधीच मिळालाय, त्यांच्या हातात तर जवळपास काहीच पडत नाही. हे टिपणीत लिहावं, तक्ता मात्र किमान वेतनावरच ठेवावा, कारण तपासणारा तोच मागतो.

आणि पद उन्नत झालं म्हणजे त्यावरचा माणूस आपोआप वर गेला असं नाही. वरिष्ठ लिपिक हे पदोन्नतीचं पद. अंतिम ज्येष्ठता यादी, गोपनीय अहवाल, मत्ता व दायित्व विवरण, विभागीय पदोन्नती समितीची बैठक, हे सगळं उरतंच. ९ पदं वाढली आणि कार्यालयातल्या सातव्या टेबलावरचा लिपिक ज्येष्ठतेत चाळिसावा असला, तर तो तिथेच राहतो. हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगून टाकावं, नंतरचं वाईटपण टळतं.

बिंदुनामावलीचं, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षण प्रवर्गाचं याच्या नोंदवहीचं, काम लोक सगळ्यात शेवटी आठवतात. लिपिकांची १२ पदं घटली आणि वरिष्ठ लिपिकांची ९ वाढली, म्हणजे दोन संवर्गांच्या नोंदवह्या बदलल्या. संवर्ग आकसला की एखादा प्रवर्ग कागदावर अतिरिक्त ठरू शकतो. विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून नोंदवही नव्याने तपासून घेतल्याशिवाय भरतीचं मागणीपत्र पुढे जात नाही. शिपायांमधून लिपिक होण्याचा कोटाही टक्केवारीत असतो. लिपिकांची पदं घटली की तोही घटतो. आमच्याकडे पहिली लेखी हरकत आली ती लिपिकांची नव्हे, गट ड कर्मचाऱ्यांची, म्हणजे शिपाई वगैरेंची. रास्त होती.

गट ड वरून आठवलं. एखादं गट ड चं पद गट क मध्ये (लिपिक वगैरेंच्या गटात) नेण्याची मागणी संघटना उत्साहाने करतात. महाराष्ट्रात गट ड चं निवृत्तीचं वय ६० आणि गट क चं ५८. पद वर गेलं की पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची दोन वर्षांची नोकरी जाते. मिळणारी वाढ आणि जाणारी दोन वर्षं यांचा हिशेब आधी प्रत्येकाला मांडून दाखवा, विद्यमान कर्मचाऱ्यांसाठी वेगळी तरतूद हवी असेल तर ती प्रस्तावातच मागा. निर्णय निघाल्यावर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

फाईलचा प्रवास थोडक्यात: संचालनालय, प्रशासकीय विभागाचं कार्यासन (मंत्रालयातलं विषयाचं टेबल), अवर सचिव, उप सचिव, सचिव, मंत्री, मग वित्त विभाग, समितीची बैठक, इतिवृत्त (बैठकीचा लेखी वृत्तांत) आणि शेवटी शासन निर्णय. इतिवृत्त कायम झाल्याशिवाय मसुद्याला हात लावू नये. आमच्या मसुद्यात 'पदे उन्नत करण्यास' आणि इतिवृत्तात 'पदे निर्माण करण्यास' असा फरक होता; तेवढ्यासाठी फाईल पुन्हा फिरली. निर्णयात वित्त विभागाच्या संमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि दिनांक, लेखाशीर्ष (खर्च कुठल्या शीर्षाखाली पडणार ते), पदाचा स्तर, समर्पित पदांची नावं व मुख्यालयं हे सगळं असलं पाहिजे. 'सुधारित आकृतिबंधास मान्यता' एवढंच लिहून परिशिष्ट जोडायला विसरलेले निर्णयही मी पाहिले आहेत.

निर्णय संकेतस्थळावर आला, संकेतांक मिळाला, पेढे वाटून झाले, तरी पगार निघत नाही. सेवार्थमध्ये जुनी १२ पदं बंद करून नवी ९ पदं त्या निर्णयाच्या संदर्भासह उघडावी लागतात. क्रम उलटा झाला आणि बंद करायच्या पदावर अजून माणूस जोडलेला असला, तर प्रणाली पद बंद करू देत नाही. आधी माणसं योग्य पदांवर हलवा, मग पद बंद करा. त्याच आठवड्यात अर्थसंकल्प शाखेला पुढच्या वर्षाच्या अंदाजात पदसंख्या बदलायला कळवा. पदोन्नत झालेल्यांकडून वेतननिश्चितीचा विकल्प, पदोन्नतीच्या तारखेपासून की पुढच्या वेतनवाढीपासून, मुदतीत लेखी घ्या. ती मुदत एक महिन्याची असते आणि रजेवर असलेला माणूस हमखास चुकतो. आदेशासोबत विकल्पाचा कोरा नमुना जोडून पोच घेतली, की सेवापुस्तक वेतननिश्चिती तपासणाऱ्या वेतन पडताळणी पथकाकडे गेल्यावर त्या पानावर आक्षेप येत नाही.