बाबांना घेऊन 'द घॅन'ने डार्विनला

बाबा मिरजेला रेल्वेत गँगमन म्हणून, म्हणजे रुळांच्या देखभालीला, लागले आणि मुकादम होऊन रिटायर झाले. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडची नॅरोगेज, तिन्ही रूळ एका जंक्शनात बघितलेला माणूस. आई-बाबा ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आमच्याकडे येणार हे ठरलं, त्याच दिवशी मी मनाशी पक्कं केलं की बाकी काही दाखवणं जमो न जमो, बाबांना 'द घॅन' या इथल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीत बसवायचंच. ॲडलेड ते डार्विन, २,९७९ किलोमीटर, दोन रात्री आणि तीन दिवस. तिकीट महाग आहे. दीड वर्ष थोडे थोडे पैसे बाजूला टाकले.

व्हिसा हातात आल्यावरच बुकिंग केलं. जुलै निवडला, कारण लेकीला शाळेची सुट्टी आणि उत्तरेकडे तेव्हा कोरडा, सुखाचा मोसम. नवऱ्याला रजा मिळाली नाही, त्यामुळे आम्ही चौघं, केबिन दोन. दिवसा सोफा असतो, रात्री त्याचेच खालीवर दोन बर्थ होतात. वरच्या बर्थला शिडी. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आईच्या केबिनमध्ये वर लेक आणि बाबांच्या केबिनमध्ये वर मी.

खरी धावपळ झाली ती जेवणावरून. जेवण तिकिटातच असतं, पण आई अंडंसुद्धा खात नाही. एजंटला बुकिंगच्या वेळी तोंडी सांगितलं होतं. निघायच्या आठवडाभर आधी सहज फोन केला, तर आमच्या नावापुढे काहीच नोंद नव्हती! पोटात गोळाच आला. मग शाकाहारी, अंडं नको, असं ईमेलवर लिहून दिलं आणि तसं उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडला नाही. कोणी जाणार असाल तर हे आधी करा. शिवाय घरी केलेलं भडंग मी डबा भरून घेतलं होतंच.

दुसरी गोष्ट सामानाची. मोठ्या बॅगा स्टेशनवर दिल्या की त्या सामानाच्या डब्यात जातात, डार्विनपर्यंत हात लागत नाही. केबिनमध्ये न्यायची ती दोन रात्रींपुरती लहान पिशवी. बॅग द्यायच्या रांगेत आईनं माझा दंड धरला, "अगं, माझी गोळ्यांची डबी आत राहिली." तिथंच फरशीवर बॅग उघडली. साड्यांच्या घड्यांखाली, रुमालात गुंडाळलेली बीपीच्या गोळ्यांची डबी सापडली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

गाडी पाऊण किलोमीटरच्या घरात लांब. बाबा फलाटावर जमेल तितकं चालत जाऊन डबे बघून आले. दुपारी निघालो, शेतं मागे पडली, अंधार झाला आणि मोबाईलची रेंज गेली. ती अधूनमधून गावं आली की येते, तेवढीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी 'मारला' नावाच्या ठिकाणी थांबली. हाडं गोठवणारी थंडी, चहूकडे अंधार आणि रुळांपासून थोड्या अंतरावर शेकोट्या पेटवलेल्या. आई शाल-कानटोपीत चहाचा कप दोन्ही हातांत धरून उभी होती. पूर्वेला उजाडलं तशी माती आधी काळपट, मग विटकरी, मग अगदी कुंकवासारखी लाल झाली. आई काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली.

बाबांचं लक्ष मात्र रुळांखाली. "काँक्रीटचे स्लीपर," ते म्हणाले. मग मी वाचून ठेवलेलं त्यांना सांगितलं. जुनी लाईन साडेतीन फुटी गेजची, १९२९ साली वाटेतल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाला पोचलेली. लाकडी स्लीपर वाळवी खायची आणि एरवी कोरड्या पडलेल्या नद्यांना पूर आला की मार्ग वाहून जायचा. म्हणून बरीच पश्चिमेला सरकवून नवी लाईन टाकली, ती १९८० साली सुरू झाली. पुढे डार्विनपर्यंत रूळ गेले ते २००४ साली. गाडीचं नाव 'अफगाण'वरून पडलंय, तेही सांगितलं. या वाळवंटात रेल्वेच्या आधी सामान वाहायचे ते उंटवाले. सगळ्यांना अफगाण म्हणायचे, पण त्यांतले कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे, म्हणजे आपल्याच बाजूचे. बाबा बराच वेळ गप्प राहिले. "पूर आला की आम्ही रात्रभर कंदील घेऊन लाईन चालायचो," म्हणाले. "इथं त्या वेळी कोण चाललं असेल गं?"

ॲलिसला गाडी दुपारी काही तास थांबते. फिरायच्या सहली तिकिटातच येतात, आम्ही आईसाठी कमी चालायची निवडली. (तिसऱ्या दिवशी कॅथरीन गावी नितमिलुकच्या घळीत बोटीनं गेलो. पाण्याच्या दोन्ही बाजूंना उभे खडक, लेकीला सगळ्यात आवडलं ते हेच.) ॲलिसला फोनला रेंज आली, तसा बाबांनी आधी मिरजेला, त्यांच्या गँगमधल्या जुन्या सोबत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खाली रुळांकडे धरला.

"हे बघ, सगळं काँक्रीट," ते ओरडून सांगत होते. "वाळवीचे दात पडतील, पण स्लीपर हलायचा नाही!"

पलीकडून आवाज आला, "खडी दाखव की, खडी कशी आहे?"

बाबा फोन घेऊन खाली वाकले.