जिंकलेला वाकतो कशाला?

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या कुस्त्यांचा एक व्हिडिओ भावाने पाठवला होता. इथे नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला जेवणाच्या सुट्टीत तो शेजारच्या डच सहकाऱ्याला दाखवला. समोरच्याला चितपट करून पोरगा उठला आणि थेट जाऊन म्हाताऱ्या वस्तादांच्या पाया पडला. सहकाऱ्याने विचारलं, "जिंकला ना हा? मग वाकतो कशाला? जबरदस्ती आहे का?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मला लागलं. वाकणं म्हणजे लाचारी, असं हे लोक सरळ धरून चालतात.

मग मी त्याला तालीम सांगत बसलो. हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून तयार करतात. ती तुडवायची असते, पण उतरण्याआधी कपाळाला लावायची. आमच्या तालमीतले वस्ताद, म्हणजे आमचे मामा, कान मोडून गाठी झालेला माणूस. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन फावड्याने हौदा उकरायचे आणि उकिडवे बसून एकेक खडा वेचायचे. "मामा, सोडा की वो, आम्ही करतो," म्हटलं तर म्हणायचे, "तुमच्या पाठीत खडा रुतला तर मला झोप लागंल काय रे?" बाजारात कुणी मुद्दाम धक्का मारला तरी पैलवानाने हात उचलायचा नाही, ही त्यांची सक्त ताकीद. ज्याच्या अंगात रग आहे त्यानेच नमतं घ्यायचं. दुबळ्याने घेतलं तर लोक त्याला घाबरट म्हणतात.

इथली तऱ्हा निराळी. या देशाचा राजा 21 वर्षं प्रवासी विमानांवर सहवैमानिक म्हणून नियमित जात होता, हे 2017 साली लोकांना कळलं. कॅप्टन आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने स्वागत करायचं, म्हणजे स्वतःचं नाव सांगावं लागत नाही, असं तो म्हणाला होता. 2018 मध्ये पंतप्रधानांच्या हातून कॉफी सांडली, तर त्यांनी स्वतः फरशी पुसली. आपल्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स आठवून मान खाली जाते, खरं सांगतो. पण हेच लोक वडीलधाऱ्याला तोंडावर "तुमचं चुकलं" म्हणून मोकळे होतात आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. मला ते अजून पचत नाही, आणि पचवायची इच्छाही नाही.

सहकाऱ्याचा पुढचा प्रश्न मात्र नेमका होता: "मग ते वस्ताद कधी त्या पोरांपुढे वाकतात का?"

वाकतात! मामा माळकरी होते. कीर्तन संपलं, बुक्का लागला की लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. मामा माझ्या पाया पडायला वाकले की मी लाजून मागे सरायचो, तर ते दंडाला धरून उभं करायचे आणि पुरते वाकायचे. हे ऐकून सहकारी गप्प झाला आणि मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. रात्री मंडपात हमालाच्या पाया पडलेला शेठ सकाळी रविवार पेठेत त्यालाच "ए, इकडे ये" म्हणून हाक मारतो. मामांनी हे कधी केलं नाही, आपल्यातले कितीतरी जण रोज करतात. ते परक्याला कशाला सांगू? तुम्हाला सांगतोय.