गाद्या, चाव्या आणि आम्ही दोघं

"मिशनवर गेलात म्हणजे नेमकं केलंत काय?" परत आल्यापासून भेटेल तो विचारतो. मी सांगते, गाद्या मोजल्या. ऐकणाऱ्याला वाटतं थट्टा चाललीय. मग शेजारून हे आकडा पुरवतात, "एकशे बारा."

आमच्या चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक सरसकट मॉर्मन म्हणतात. २०१८ साली चर्चच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, रसेल नेल्सन यांनी, पूर्ण नावच वापरा असा आग्रह धरला. आम्ही तो इमानाने पाळतो, पण लिफ्टमध्ये कोणी बिल्ल्याकडे बघून चौकशी केली, तर नाव सांगून होईपर्यंत त्याचा मजला येतो. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळा बिल्ला आणि कायम जोडीने फिरणारी तरुण मुलं बऱ्याच जणांनी पाहिलेली असतात. ती मिशनवर, म्हणजे घर सोडून चर्चच्या प्रचारसेवेला, आलेली असतात. मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुली दीड वर्षासाठी. निवृत्त नवरा-बायकोही असेच जातात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने, जसं जमेल तसं. पगार नसतो. आपल्या पुंजीतून आपला खर्च करायचा.

आम्ही का गेलो? चारचौघांत सांगायचं उत्तर असं की प्रभूने आयुष्यभर दिलं, थोडं परत करावं. ते खरंच आहे. पण हे निवृत्त झाले आणि पहिल्या चार महिन्यांत यांनी माझं स्वयंपाकघर तीनदा नव्याने लावून दिलं, हेही तितकंच खरं.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. धार्मिक प्रश्न सोपे गेले. बिशपांनी दोघांच्या मुलाखती वेगवेगळ्या घेतल्या, मग स्टेक अध्यक्षांनी (आसपासच्या अनेक मंडळ्या मिळून एक स्टेक होतो). आमच्याकडे स्थानिक पातळीवर पगारी पाळक नसतात. आठवडाभर आपली नोकरी करणारा माणूसच रविवारी बिशप असतो, त्यामुळे मुलाखतीची वेळ त्याच्या ऑफिसनंतरची. अडलं ते वैद्यकीय तपासण्यांपाशी. रक्त, हृदय, डोळे, लसी, रोजच्या गोळ्यांची यादी (यांच्या चार, माझ्या तीन) आणि दात. दातांचं कुठलंही काम बाकी नाही, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं. यांची एक दाढ बरीच वर्षं 'बघू पुढे'वर चालली होती. त्या दाढेने आमचा अर्ज दीड महिना रोखून धरला. सुवार्तेच्या कामाआड सैतान येतो असं ऐकलं होतं. तो रूट कॅनालच्या रूपात येईल असं वाटलं नव्हतं.

तरुण मुलांना कुठे जायचं ते निवडता येत नाही. आमच्यासारख्यांना आवड कळवता येते, निर्णय मात्र चर्चचाच. आम्ही लिहिलं होतं, वंशावळींच्या नोंदींचं काम मिळालं तर बरं. यांना जुनी कागदपत्रं वाचायचा नाद आहे आणि आमच्या चर्चमध्ये ते काम १८९४ पासून नेटाने चालू आहे. पाचारणाचं पत्र पूर्वी जाड पांढऱ्या पाकिटातून यायचं, आता ऑनलाइन येतं. यांनी पासवर्ड दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा मी घातला. दुसरा देश, अठरा महिने, काम मिशन ऑफिस आणि मिशनरींची घरं.

"घरं म्हणजे?" हे म्हणाले. ते आम्हाला आठवडाभराच्या प्रशिक्षणातही नीटसं कळलं नाही. तिथे धडा कसा शिकवायचा, आपण कमी बोलून समोरच्याचं कसं ऐकायचं, याचा सराव झाला. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तरी त्या सरावात माझे हात थरथरले. गाद्यांचा उल्लेख कोणी केला नाही.

आमच्या मिशनच्या हद्दीत मिशनरींसाठी ४९ घरं भाड्याने घेतलेली होती. बहुतेकांत दोन मुलं किंवा दोन मुली, काहींत चार. भाडेकरार, वीज-पाण्याची बिलं, गळके नळ, पलंग, इस्त्र्या, धुराचा इशारा देणाऱ्या यंत्रांच्या बॅटऱ्या, सगळं आमच्याकडे. ऑफिसच्या भिंतीवर एक फळी होती आणि फळीवर ओळीने चाव्या. पहिल्या दिवशी आधीच्या जोडप्यातल्या बाईंनी फळी दाखवली, एक वही हातात दिली आणि माझा खांदा दाबला. त्या दाबण्याचा अर्थ पुढच्या बदल्यांच्या आठवड्यात कळला.

साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कोण कुठे जाणार, कोणाबरोबर राहणार, हे मिशन अध्यक्ष प्रार्थनापूर्वक ठरवतात. त्यानंतरचं सगळं प्रार्थनेपेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जास्त जवळचं असतं. एकाच दिवशी पन्नासेक मुलं ट्रंका घेऊन हलतात. कोणालाही एकटं राहू द्यायचं नाही हा नियम. मग अ चा जोडीदार ब कडे जाईपर्यंत अ कोणाबरोबर थांबणार, हे कागदावर बाण काढून सोडवावं लागे. गणिताच्या बाईला यात खरं तर आनंद व्हायला हवा. झालाही, दुसऱ्या खेपेपासून.

पहिल्या खेपेला मी दोन चाव्यांची लेबलं उलटी लावली. रात्री साडेनऊला फोन. दोन मुलं एका बंद दारासमोर, ट्रंकांसकट; खरी चावी तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्याच दोघांच्या खिशात. घरमालक फोन उचलेना. शेवटी ती दोघं आमच्याकडे आली, दिवाणखान्यात पांघरुणं पसरून झोपली. सकाळी साडेसहाला, त्यांच्या नियमाप्रमाणे, उठून व्यायाम करत होती. मी माफी मागितली तर एकोणीस वर्षांचा तो पोरगा म्हणाला, "सिस्टर, महिन्याभरात पहिल्यांदाच कोणाच्या तरी घरात झोपल्यासारखं वाटलं." मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

घरांची तपासणी हा वेगळा अध्याय. आदल्या दिवशी कळवायचं, म्हणजे आवराआवरीला वेळ मिळतो. तरी मुलग्यांच्या घरी न्हाणीघरात काळी बुरशी, पलंगाखाली बश्या आणि बश्यांत काय ते विचारू नये. मुलींची घरं स्वच्छ असतात हाही गैरसमज निघाला. आधी मी भराभर सूचना द्यायचे. यांची पद्धत निराळी होती. हे बाह्या सारून मोरी घासायला घेत आणि घासता घासता विचारत, घरी कोण कोण असतं? पाच मिनिटांत मुलगा शेजारी बसून दुसरा ब्रश हातात घेई. आईची शस्त्रक्रिया, मैत्रिणीचं आलेलं पत्र, "मला इथे काही जमत नाहीय", हे सगळं मोरीपाशी बाहेर यायचं. २०१९ पासून या मुलांना आठवड्यातून एकदा घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. त्याआधी वर्षाला दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. पण काही गोष्टी आईला फोनवर सांगायच्या नसतात. त्या मोरी घासणाऱ्या परक्या माणसाला सांगता येतात.

बायबलमधली मार्था आणि मरीया सगळ्यांना माहीत आहेत. मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था आत कामाने बेजार होते आणि वर बोलणंही तीच खाते. मला त्या गोष्टीत कायम मार्थेची बाजू पटत आलीय. मिशनवर तर आमचं खातंच मार्थेचं होतं. तरुण मुलं संध्याकाळी कोणाला तरी धडा देऊन उजळलेल्या चेहऱ्याने यायची आणि आम्ही पाण्याच्या फिल्टरच्या नव्या कँडल मोजत बसलेलो असायचो. सुरुवातीला मला हे लागलं. यासाठी का आलो आपण एवढ्या लांब? हे काम पगारी माणूस करू शकला असता. मी तसं मिशन अध्यक्षांच्या पत्नींना बोलूनही दाखवलं. ती दोघंही तीन वर्षांसाठी असंच सगळं सोडून आलेली. त्या म्हणाल्या, "हो, शकला असता," आणि मला टॉवेलांची यादी दिली. तेव्हा राग आला होता.

खरी परीक्षा मात्र घरातली होती. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, पण त्यातली पस्तीस वर्षं हे सकाळी नऊला बाहेर पडायचे आणि सातला परतायचे. आता चोवीस तास एकत्र. एकच गाडी, एकच टेबल, दोघांच्या खिशावर एकसारखे बिल्ले. एकमेकांना लोकांसमोर 'एल्डर' आणि 'सिस्टर' म्हणायचं. त्याचं मला पहिला महिना हसू यायचं. गाडीत नकाशावरून इतकं भांडण व्हायचं की एकदा पाऊण तास दोघंही गप्प होतो आणि तेवढ्यात वळण चुकलं, ते सांगायलाही कोणी तयार नव्हतं.

मिशनरी जोडीने आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांशी कसं चाललंय याचा आढावा घ्यायचा, अशी तरुणांसाठी पद्धत आहे. मी यांना म्हटलं, आपणही घेऊया. दुसऱ्या रविवारी रात्री हे वही घेऊन हजर. वहीत अकरा मुद्दे! पहिलाच : मी बोलत असताना ती माझं वाक्य पुरं करते. मी ते वाक्यही पुरं केलं, आणि मग आम्ही दोघं जे हसलो. पण सहावा मुद्दा असा होता : निवृत्तीनंतर घरात मी अडचण झालोय असं वाटतं. हे मला कधीच बोलले नव्हते. मी स्वयंपाकघराच्या मांडणीवरून मैत्रिणींत केलेले विनोद आठवले आणि काय बोलावं ते सुचेना. शेवटी प्रार्थना कोणी करायची हा प्रश्न आला. त्या दिवशी मी केली, फार छोटी.

त्यानंतर तो आढावा आम्ही चुकवला नाही. मुद्दे कमी झाले असं नाही. माझीही वही झाली.

आमच्यासारख्या जोडप्यांवर तरुणांएवढं कडक वेळापत्रक नसतं. दारोदार फिरायची अपेक्षा नसते, थकलो तर थांबता येतं. रविवारी आम्ही एका छोट्या शाखेत जायचो, वीस-पंचवीस माणसं. हे तिथल्या तरुण लिपिकाला नोंदी भरायला शिकवत. मी एका ऐंशीच्या पुढच्या बाईंशेजारी बसायचे. आम्हाला एकमेकींची भाषा धड येत नव्हती. त्या स्तोत्रांच्या पुस्तकात बोटाने ओळ दाखवायच्या, मी चाल धरून माझ्या भाषेत गायचे. पहिल्या रविवारी उपास असतो, दोन वेळचं जेवण सोडून त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. त्या दिवशी बाई माझा हात जरा जास्त घट्ट धरायच्या. अशक्तपणा असावा, मी त्याला भक्ती समजत होते.

नवव्या महिन्यात नात झाली. पडद्यावर पाहिली. पंधराव्या महिन्यात यांची मोठी बहीण गेली. जाऊन यायला मिशन अध्यक्षांची हरकत नव्हती, पण पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. हे त्या दिवशी ठरलेल्या चारही घरांच्या तपासणीला गेले. संध्याकाळी गाडी ऑफिससमोर लावली आणि उतरलेच नाहीत. मीही बसून राहिले. त्यावर मला अजून फार लिहिता येत नाही.

प्रचार अजिबात झाला नाही असंही नाही. एका घरमालकाने करार संपल्यावर भिंतीवरच्या ओरखड्यांवरून हुज्जत घातली. दोन तास. मधेच त्याचं लक्ष यांच्या पांढऱ्या केसांकडे गेलं आणि त्याने विचारलं, या वयात दुसऱ्यांच्या पोरांच्या भिंती कशाला पुसत फिरता? यांनी सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, पाच मिनिटं. प्रभूचं नाव घेऊन. मी यांना इतकं सरळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घरमालकाने शांतपणे ऐकून घेतलं. त्याचा बाप्तिस्मा वगैरे काही झाला नाही. अनामत रक्कमही त्याने कापूनच दिली.

अठरा महिने संपत आले तसं पुढचं जोडपं आलं. मी फळी दाखवली, वही दिली. वहीत आता माझीही भर होती : कुठला नळ उलटा फिरतो, कुठल्या इमारतीत लिफ्टवर विसंबू नये, कोणता मुलगा ताप आला तरी सांगत नाही. नव्या बाईंनी उत्साहाने विचारलं, लोकांना भेटायला, शिकवायला कधी जायचं? मी त्यांचा खांदा दाबला.

घरी आल्यावर स्टेक अध्यक्षांनी रीतसर मोकळं केलं. दहा मिनिटांचं काम. बिल्ले काढले, ते डबीत आहेत. स्वयंपाकघर हे आता लावत नाहीत. मीच एकदा लावायला सांगितलं.

सोपवताना चाव्यांची मोजदाद झाली, तेव्हा एक जास्तीची निघाली होती. लहान, पितळी, लेबल नसलेली. ४९ घरांना लावून बघणं शक्य नव्हतं, पण जमतील तेवढ्यांना हे लावून आले. परवा नव्या जोडप्याचा निरोप आला, ती कुठली आहे ते आठवतंय का. आम्ही रात्री दोघं त्यावर बराच वेळ बोललो. यांचं म्हणणं ती कुठल्या तरी टपालपेटीची. मला वाटतं नाही.