चेंगडूच्या रुंद-अरुंद गल्ल्या: जाल तर सकाळी लवकर जा

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूला जाणाऱ्या प्रत्येकाच्या लिस्टमध्ये कुआनझाय शियांगझी, म्हणजे रुंद-अरुंद गल्ल्या, असतंच, पण बहुतेक लोक दुपारी जातात आणि गर्दीत ढकलाढकली करून, चार सेल्फी काढून परत येतात, म्हणून मुद्दाम लिहितेय. मेट्रो लाइन 4 वर याच नावाचं स्टेशन आहे, प्रवेश फुकट. आठच्या आत पोचा. दुकानं बंद असतात आणि तेच तर हवंय, कारण इथे बघायचे ते दरवाजे!

कुआन, झाय आणि जिंग अशा तीन समांतर गल्ल्या. 1718 च्या सुमाराला छिंग बादशाहीने इथे सैन्याची छावणी वसवली, मांचू आणि मंगोल शिपाई कुटुंबांसकट राहायला आले, त्यामुळे मधे चौक असलेली उत्तरेकडची घरं इथे सिचुआनमध्ये दिसतात. डागडुजी होऊन जून 2008 मध्ये गल्ल्या लोकांसाठी उघडल्या, वेनचुआनच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. बरंचसं बांधकाम नवं आहे हे कळतं, दुकानंही जास्तच झालीयत, तरी झाय गल्लीत हळूहळू चालत एकेक चौकट, उंबरठा, दाराशी ठेवलेले दगडी ढोल बघा, वेळ कसा जातो कळत नाही.

नंतर दुकानं उघडली की सान दा पाओ खा. चिकट भाताचे तीन गोळे तो माणूस एकामागून एक फळीवर जोरात आपटतो, फळीवरच्या धातूच्या वाट्या खणखणतात, गोळे उसळून सोयाबीनच्या पिठात पडतात, वरून गुळाचा पाक. आईला फार आवडलं. तिखट पदार्थातला हुआजिआओ चावल्यावर मात्र ती एकदम म्हणाली, "अगं हे तर तिरफळ!" आणि खरंच, दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत, फक्त याने जीभ पार बधिर होते.

शाकाहारी असाल तर "मांस, मासे, डुकराची चरबी नको" असं चिनीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. कान साफ करणारे चिमटा वाजवत फिरतात, करून घ्यायचं असेल तर आधी भाव विचारा. अलीपे या पेमेंट ॲपला आपलं कार्ड घरूनच जोडून जा, गूगल मॅप्सवर विसंबू नका.

आणि चहा गल्लीत पिऊ नका, महाग पडतो. तिथून चालत पीपल्स पार्कला जा, हेमिंग चहाघरात बांबूच्या खुर्चीत बसा, झाकणाचा कप घ्या. गरम पाणी पुन्हा पुन्हा भरून मिळतं, कोणी उठवत नाही, शेजारी म्हातारी मंडळी पत्ते खेळत असतात. दोन तास तरी हाताशी ठेवाच.