पांढऱ्या ओढणीवरचा डाग

पुण्यात कॅम्पातल्या एका परफ्युमच्या दुकानात मी सहा वर्षं काउंटर सांभाळते. "बायकोसाठी काहीतरी छान दाखवा" म्हणणारे रोज येतात. त्या दिवशी आलेल्या काकांनी मात्र पिशवीतून पांढरी ओढणी काढली आणि म्हणाले, "ताई, हिचा वास घ्या आणि हाच द्या."

बाटली त्यांच्या हातून फुटली होती. काचा केरात गेल्या, नाव आठवेना. "दालचिनीचा होता, केकसारखा." काकू माहेरी, उद्या दुपारी परत.

तसे आमच्याकडे दोन होते. दोन्ही व्हॅनिला-दालचिनीचे. पट्टीवर मारले की पहिली पाच मिनिटं मलाही वेगळे ओळखता येत नाहीत. काका पहिला हुंगून "हाच!" म्हणाले, दुसरा हुंगूनही "हाच!" मग आधीचा वास नाकातून जावा म्हणून कॉफीच्या बियांच्या वाटीत नाक खुपसलं. ती वाटी नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानाला असते. 2011 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात कॉफी साध्या हवेपेक्षा सरस ठरली नव्हती. मी त्यांना दारात मोकळ्या हवेत उभं केलं.

गोम वेगळीच होती. ओढणीवर दालचिनी उरलीच नव्हती. ती आधी उडून जाते. व्हॅनिला तळाला बसतो, कापडावर तर दिवसचे दिवस. शिळ्या वासाशी ताजा फवारा कसा जुळणार? रुमालाचे दोन तुकडे केले, एकेकावर एकेक मारला आणि काकांना सांगितलं, "संध्याकाळी या."

मग ओढणी दिव्याखाली धरली. काठाशी रुपयाएवढा तपकिरी डाग, चहा सांडल्यासारखा. व्हॅनिलातलं व्हॅनिलिन हवेने, उजेडाने असं काळवंडतं. दोनांपैकी एका बाटलीतलं परफ्युम चहाच्या रंगाचं, दुसरीतलं जवळजवळ पाण्यासारखं. पण रंग वरूनही घालतात, त्यामुळे नुसत्या डागावर विसंबले नाही.

सहाला काका आले. एका तुकड्यावर लवंगेसारखा तिखटपणा अजून रेंगाळत होता. दुसऱ्यावर निव्वळ कस्टर्ड, आणि ओढणीवरही तेच. चहाच्या रंगाचीच बाटली निघाली.

पैसे देता देता काका थबकले. "जुनी पावच उरली होती हो. ही भरलेली दिसली की हिला लगेच कळणार. थोडं काढून घेता येईल?"

तोंड पक्कं बंद असतं, म्हटलं, ओतता येत नाही. बाटली 50 मिलीची, एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली. पावावर आणायची तर पावणेचारशे फवारे.

काका घड्याळाकडे बघू लागले.