तुम्ही विचारलंत म्हणून : घोडा सांभाळायला कॉलेज कशाला?

घोडेस्वारीच्या वर्गाला मुलांना घेऊन येणारे पालक, लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक, कधीकधी तर बँकेत फॉर्म भरून घेणारे गृहस्थसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात : घोडा सांभाळायला कॉलेजात जावे लागते का? त्यामागे कुचेष्टा नसते. पुण्यात रेसकोर्स आहे, आसपास स्टडफार्म आहेत, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोड्यावर बसायला शिकवतात, आणि दरवर्षी आषाढीच्या आधी अंकलीहून चालत आलेला माउलींचा अश्व आळंदीहून पुण्यामार्गे पंढरपूरला जातो. या घोड्यांची उस्तवार करणारी माणसे बहुतेक वेळा वडिलांच्या किंवा मामाच्या हाताखाली शिकलेली असतात. मग मी दोन वर्षे इंग्लंडमधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात घोड्यांची निगा आणि व्यवस्थापन हा विषय का शिकले, असे कोणाला वाटले तर ते रास्तच आहे.

माझे उत्तर असे, की तिथे मला मुख्यतः निरोगी घोडा ओळखायला शिकवले. घोडा जमिनीवर लोळू लागला, घामाने थबथबला आणि स्वतःच्या पोटाकडे वळून वळून पाहू लागला की तो आजारी आहे हे रस्त्याने जाणाऱ्यालाही कळते. पण हाच घोडा सकाळी नेहमीपेक्षा थोडे कमी पाणी प्यायला होता, हे कळण्यासाठी त्याचे नेहमीचे पाणी किती हे कोणीतरी आधीपासून मोजून लिहून ठेवलेले असावे लागते. त्या अभ्यासक्रमाचा गाभा मला विचाराल तर हे मोजणे आणि लिहिणे आहे. बाकीचे पुष्कळसे तबेल्यात राहून शिकता येते.

ब्रिटनमध्ये हे शिक्षण सोळाव्या वर्षापासून घेता येते. आमचा दिवस वर्गात सुरू होत नसे. आधी तबेल्यातली पाळी असे. लीद काढणे, ओले अंथरूण उचलणे, पाणी बदलणे, चारा तोलून टाकणे आणि खरारा करणे एवढे झाल्यावर मग शरीररचना, आहार, रोगप्रतिबंध, कुरणाची निगा, घोड्याचे वर्तन, खोगीर-लगामाची जोडणी आणि तबेल्याचा हिशेब असे विषय. प्रत्येक कामाची परीक्षकासमोर प्रत्यक्ष चाचणी होते. तिथल्या व्यवस्थेत मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट नालबंदांबद्दलची आहे. 1975 च्या कायद्यानुसार तिथे नोंदणीकृत नसलेल्या माणसाला घोड्याला नाल ठोकता येत नाही, आणि नोंदणीसाठी काही वर्षांची उमेदवारी करावी लागते. घोड्याच्या पायांना जपणे हे काम समाजाने एवढ्या गांभीर्याने घेतले, तर ते करणाऱ्याच्या मजुरीतही तो मान दिसतो.

सकाळची तपासणी कशी करतात ते सांगते, कारण त्यावरून बराच उलगडा होईल. घोड्याच्या जवळ जाण्याआधी दारातून आत पाहायचे : रात्रीची वैरण संपली आहे का, लिदेचे ढीग नेहमीइतके आहेत का, अंथरूण पायांनी उकरले आहे का. मग त्याच्या डाव्या बाजूने आत जायचे, खांद्यावर हात ठेवायचा आणि खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांची टोके टेकवून तिथली दोरीसारखी शीर शोधायची. पंधरा सेकंदांत नऊ ठोके पडले तर मिनिटाला 36 झाले. विसावलेल्या मोठ्या घोड्याची नाडी साधारण 28 ते 44 असते, पण या घोड्याची रोजची 32 असेल तर 44 ही माझ्यासाठी चिंतेची बाब आहे. ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबायचा आणि पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो का ते पाहायचे. कुशीला कान लावून आतड्यांची गुरगुर ऐकायची, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. पोट गप्प असणे हे वाईट लक्षण आहे. शेवटी चारही खुरांवरून तळहात फिरवायचा आणि एखादा इतरांपेक्षा गरम लागतो का ते पाहायचे. सराव झाला की हे सारे काही मिनिटांत होते, आणि मग वही काढून लिहायचे.

एवढी काळजी कशासाठी, याचे कारण घोड्याच्या पोटात आहे. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर मात्र 8 ते 15 लिटरचेच असते, त्यामुळे त्याला दिवसभर थोडे थोडे चरत राहावे लागते, आणि आपण त्याला तबेल्यात बांधून सकाळ-संध्याकाळ चंदीचे, म्हणजे धान्याच्या खुराकाचे, दोन मोठे तोबरे देतो तेव्हा त्याच्या शरीराच्या रचनेविरुद्ध वागत असतो. चाऱ्यातले तंतू मोठ्या आतड्यात जंतूंच्या मदतीने आंबून पचतात. या मोठ्या आतड्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो आणि ते एका ठिकाणी एकदम अरुंद होऊन वळते. पाणी कमी पडले, चारा फार कोरडा किंवा जाड असला, तर नेमका तिथे बोळा अडकतो. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. खाल्लेले नडले तर ते वरच्या वाटेने बाहेर टाकण्याची सोय त्याला निसर्गाने दिलेली नाही, म्हणून पोटशूळ हा घोड्यांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. चारा अचानक बदलू नये, धान्य एका वेळी थोडेच द्यावे, पाणी सदैव समोर असावे, हे नियम जुन्या माणसांनाही ठाऊक होते. आतड्यातले जंतू नव्या चाऱ्याला सरावायला वेळ घेतात, हे त्यामागचे कारण कळले की माणूस ते नियम सणासुदीच्या गडबडीतही मोडत नाही.

आहाराचे गणित हा माझा विशेष आवडीचा विषय, तेव्हा त्यावर थोडे जास्त बोलते. घोड्याला वैरण किती द्यायची हे त्याच्या वजनावर ठरते, आणि घोडा तोलायचा काटा पुण्यातल्या बहुतेक तबेल्यांत नसतो. त्यासाठी शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने त्याला गुणायचे आणि 11,880 ने भागायचे. उत्तर किलोत येते. घेर 180 आणि लांबी 160 असेल तर वजन सुमारे 436 किलो. अशा घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेसहा ते पावणेनऊ किलो कोरडा चारा लागतो. आपल्याकडे हौसेने गव्हाचा कोंडा पुष्कळ घालतात, कारण तो घोड्याला आवडतो आणि स्वस्तही पडतो. पण कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि वर्षानुवर्षे कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतले कॅल्शियम ओढले जाऊन हाडे पोचट होतात, तोंडाची हाडे तर सुजल्यासारखी दिसू लागतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे तिची जोड दिली तर हा तोल सावरतो.

इंग्लंडमध्ये शिकलेले सगळे इथे जसेच्या तसे चालत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिथे घोडे वर्षातला बराच काळ कुरणावर असतात. पुण्यात जागाच नाही, म्हणून तबेल्यातल्या घोड्याला दिवसातून काही वेळ मोकळे सोडण्यासाठी झगडावे लागते. तिथे थंडीत घोडा पाणी कमी पितो म्हणून काळजी करायची, इथे एप्रिल-मे महिन्यांत पाणी पुरते का म्हणून. तिथे कुरणातली एक पिवळ्या फुलांची विषारी वनस्पती उपटायला शिकवतात, इथे लक्ष ठेवावे लागते ते कण्हेरीवर, कारण ती रस्त्याच्या दुभाजकापासून बंगल्याच्या कुंपणापर्यंत सगळीकडे लावलेली असते आणि तिची थोडीशी पानेही घोड्याचे हृदय बंद पाडू शकतात. छाटलेल्या फांद्या तबेल्याशेजारी टाकणाऱ्या शेजाऱ्यांना हे समजावणे हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे.

आणि पुण्याचा पावसाळा. रेसचा पुणे हंगाम नेमका पावसाळ्यातला, साधारण जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, आणि मग शर्यतीचे घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात. या दिवसांत स्वारीच्या तबेल्यातला खरा शत्रू ओलावा असतो. भाताच्या तुसाचे अंथरूण खालून भिजते, वरून कोरडे दिसते. घोडा त्यावर उभा राहतो आणि खुराच्या तळाचा त्रिकोणी मऊ भाग कुजू लागतो. खूर उचलून खोरणीने साफ करताना काळा चिकट द्रव आणि एक विशिष्ट घाण वास आला की समजायचे. इलाज साधा आहे : कुजलेला भाग नालबंदाकडून काढून घ्यायचा, खूर रोज धुऊन पुरता कोरडा करायचा, पशुवैद्याच्या सल्ल्याने मोरचुदाचे औषध लावायचे, आणि मुख्य म्हणजे अंथरूण तळापासून बदलायचे. पाऊस ओसरता ओसरता मोठ्या चावऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा नावाचा रोग पसरतो. येऊन-जाऊन असणारा ताप आणि खंगत जाणारे अंग हे त्याचे रूप. आपण दिवसातून दोनदा तापमान लिहून ठेवले नसेल तर असा ताप हमखास निसटतो, कारण डॉक्टर येतात त्या वेळी तो उतरलेला असतो. ग्लँडर्स हा त्याहून भयंकर रोग; तो माणसालाही होतो, 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची खबर सरकारला द्यावीच लागते, आणि बाधित घोड्याला मारण्यावाचून पर्याय राहत नाही. लग्नाच्या वरातीतले घोडे गावोगाव फिरतात, एकाच हौदावर पाणी पितात, त्यांच्या मालकांपर्यंत ही माहिती पोहोचायला हवी, आणि ती मराठीत पोहोचायला हवी.

आता मोतद्दारांविषयी, म्हणजे तबेल्यात घोड्यांची रोजची उस्तवार करणाऱ्यांविषयी. कॉलेजात शिकलेली बाई आली की जुन्या माणसांना कमीपणा वाटत असेल, असे काहींना वाटते. आमच्या तबेल्यातले मामा लहानपणापासून घोड्यांत आहेत. एका संध्याकाळी ते म्हणाले, “ताई, ही आज लीद कोरडी टाकतेय, आणि कान बघा कसे पडलेत.” मी वही पाहिली तर त्या घोडीचे पाणी आदल्या दिवसापासून घटले होते. नाडी 48 लागली, उजव्या कुशीत आवाज जवळजवळ नव्हता. डॉक्टरांना फोनवर हे सगळे आकड्यांत सांगता आले, म्हणून ते येतानाच तयारीने आले; नाकातून नळी घालून कोमट पाणी आणि तेल पोटात सोडले, आणि पहाटेपर्यंत घोडीने लीद टाकली. कान पडलेले मामांना दिसले होते, मला दिसले नव्हते. पण त्यांचे निरीक्षण आणि वहीतला आकडा एकत्र आल्यामुळे दूर असलेल्या डॉक्टरांना निर्णय घेता आला.

म्हणूनच माझे ठाम मत आहे, की हे शिक्षण सर्वांत आधी या माणसांना मिळायला हवे. ज्याच्या भरवशावर लाखो रुपयांचे जनावर रात्रभर सोडलेले असते, त्याच्या हाती कौशल्याचा एक कागदही नसतो, आणि नोकरी बदलताना त्याला पगाराची बोलणी अगदी शून्यापासून करावी लागतात. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुण्यात घोडे आहेत, अनुभवी नालबंद आहेत. सहा महिन्यांचा, मराठीतून, अर्धा वर्गात आणि अर्धा तबेल्यात चालणारा अभ्यासक्रम इथे उभा राहू शकतो. ज्याला लिहायचा सराव नाही त्याच्यासाठी चित्रांचा तक्ता करता येतो. आमच्या मामांसाठी आम्ही तो केला आहे : बादलीचे चित्र, लिदेचे चित्र, आणि पुढे रेघा मारायच्या.

राहता राहिला तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा पुढचा प्रश्न, की मुलीला किंवा मुलाला हे शिकायचे आहे तर काय करावे. परदेशातल्या महाविद्यालयाची फी भरण्याआधी त्यांना जवळच्या तबेल्यात एक अख्खा पावसाळा काम करू द्या. स्वारीचा वर्ग लावू नका, काम करू द्या. पहाटे उठून लीद काढून झाल्यावरही त्यांना दुसऱ्या दिवशी यावेसे वाटले तर पुढचे बोलू. दहावीनंतर जीवशास्त्र सोडू देऊ नका. उंची, वजन किंवा स्वारीतली चमक यांची चिंता करू नका, कारण घोड्यांच्या व्यवस्थापनात उत्तम काम करणाऱ्या कित्येकांनी वर्षानुवर्षे खोगिरावर मांड ठोकलेली नसते. धनुर्वाताची लस मात्र मुलांनी आणि घोड्यांनी, दोघांनीही वेळेवर घेतलेली असावी. घोडा त्या रोगाला फार लवकर बळी पडतो, आणि तबेल्याच्या मातीत, गंजक्या खिळ्यांत तो दबा धरून असतो. सुरुवातीचा पगार कमी असतो हे मी लपवणार नाही. भेटायला यायचे असेल तर सकाळी आठनंतर या, तोवर आमची तपासणी आणि पहिली वैरण झालेली असते, आणि येताना गाजरे आणलीत तर ती घोड्याला भरवण्याआधी मामांना विचारा.