तुम्ही विचारलंत म्हणून: कॉस्टिंगच्या तासाला ऊसतोड कशाला?

मी एमबीएला कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, शिकवतो. स्टाफरूममध्ये विचारतात, पालक विचारतात, माजी विद्यार्थी लग्नकार्यात भेटले की विचारतात. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, "शाश्वत विकास हे संस्था-संघटनांचं काम. एमबीए कॉलेजनं प्लेसमेंट बघावी." एकदाच नीट सांगतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं ठरवली. आमच्या कॉलेजचा त्याबद्दलचा वार्षिक अहवाल मीच लिहायचो. वृक्षारोपण तेराव्या उद्दिष्टाखाली, रक्तदान तिसऱ्याखाली, प्लेसमेंटचे आकडे आठव्याखाली, म्हणजे सन्मानाच्या कामाखाली. त्यात खोटं काही नव्हतं. मला ते पुरेसं वाटायचं.

मग एका जानेवारीत साखर कारखान्याची केस शिकवत होतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च. फळ्यावर एका कोयत्याची दिवसाची कमाई काढली, पुढे लिहिलं 'प्रति मजूर', शेजारी किमान वेतन. कमाई जास्त निघाली. "म्हणजे मजुरी वाजवी आहे," मी म्हणालो.

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. बीड जिल्ह्यातली, वर्षभर तासाला एक शब्द बोलली नव्हती.

"सर, कोयता म्हणजे दोन माणसं. नवरा-बायको. एकटा आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात."

मी दोननं भागलं. आकडा किमान वेतनाच्या खाली गेला.

"माझ्या आईचा हिशेब वेगळा कधी झालाच नाही," ती म्हणाली. "आगाऊ घेतलेली उचल वडिलांच्या नावावर. पण आई आजारी पडली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, दोघांचा."

ती खाली बसली. वर्ग गप्प होता. आणि मी पुढची स्लाइड लावली. अभ्यासक्रम उरकायचा होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो: तू कॉस्टिंगचा मास्तर, फडातलं तुला कसं माहीत असणार? पण माहीत होतं. राज्याच्या समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, हे मी २०१९ मध्येच वाचलं होतं. हळहळलो होतो. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून बाई शरीराचं काय करून घेते, याचा माझ्या फळ्यावरच्या आकड्याशी संबंध आहे, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचे, दोन टक्के नफा झाल्यावर निघतात. तोडणीचा दर नफ्याच्या आधी ठरतो. तो खर्च कागदावर मांडणारी पोरं माझ्या वर्गातून जातात. म्हणून ऊसतोड कॉस्टिंगच्या तासाला.

कारखान्याच्या लेखा विभागातला एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, हिशेबात नवरा-बायकोचे दोन रकाने केले म्हणून दर वाढतो का? दर मजूर संघटना आणि कारखान्यांच्या साखर संघाच्या वाटाघाटीत ठरतो." बरोबर आहे त्याचं. मी गप्प राहिलो.

तरी दर बॅचला तोडणी खर्चाची ती शीट नव्यानं करायला लावतो. बाईसाठी वेगळा रकाना, त्यात निम्मी कमाई. यंदा एकानं विचारलं, निम्मी कशावरून? तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. त्याआधी पहाटे पाणी, चूल, भाकरी, लेकरं. निम्मी धरली की हे सगळं पुन्हा हिशेबाबाहेर. तास संपला तरी ती शीट पुरी झाली नव्हती.